नागपूरच्या विमानतळाला मालाचं केंद्र व्हायचं असेल तर

श्रोतेहो, नमस्कार.

नागपूर मालवाहतुकीचं केंद्र व्हावं, ही कल्पना आपण मिहानच्या, म्हणजे नागपूर विमानतळालगतच्या मालवाहतूक आणि उद्योग प्रकल्पाच्या, नावाशी जोडतो. पण ती बरीच जुनी आहे. 1949 साली आपल्या देशात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून टपालाची विमानं रात्री निघायची आणि मध्यरात्रीच्या सुमाराला नागपुरात, सोनेगावच्या विमानतळावर एकत्र यायची. थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत प्रत्येक विमान आपापल्या शहरी परत. अमेरिकेत फेडेक्स या कुरिअर कंपनीनं मेम्फिस शहरातून याच पद्धतीनं काम सुरू केलं ते 1973 मध्ये. आज तो जगातला फार मोठा व्यवसाय आहे. आपली सेवा मात्र पुढे बंद पडली.

त्या सेवेची सगळी ताकद वेळापत्रकात होती. चारही दिशांची विमानं ठरल्या वेळी भेटत, म्हणून नागपूर केंद्र झालं. नुसतं देशाच्या मध्यावर असल्यानं झालं नाही. ही गोष्ट मला आज फार महत्त्वाची वाटते.

2002 मध्ये महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली आणि मिहान आकाराला येऊ लागलं. आज तिथे एअर इंडियाच्या विमानांची देखभाल होते, फाल्कन या छोट्या जेट विमानांचे भाग बनतात, औषधांचा कारखाना आहे. समृद्धी महामार्गही 2025 मध्ये पूर्ण झाला. विमानतळ खासगी कंपनीकडे सोपवण्याचा वाद तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्यात गेलेली वर्षं परत येणार नाहीत.

मग माल का वाढत नाही? आपल्याकडे बराचसा माल प्रवासी विमानाच्या पोटात जातो. नागपूरहून उडणारी बहुतेक विमानं लहान अंगाची. प्रवाशांच्या बॅगा भरल्यावर उरेल ती जागा मालाला. शिवाय भाडं नुसत्या वजनावर ठरत नाही. साठ सेंटिमीटर लांब, चाळीस रुंद, पन्नास उंच असा फुलांचा खोका घ्या. काट्यावर तो आठ किलो भरला, तरी तिन्ही मापांचा गुणाकार करून सहा हजारांनी भागतात आणि वीस किलोंचं भाडं लावतात. हलका, फुगीर माल इथेच मार खातो.

संत्र्याबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. आमच्या प्रत्येक भाषणात संत्रं विमानात बसतं. पण जड आणि किलोला कमी भाव असलेलं फळ विमानाचं भाडं सोसत नाही. आपलं संत्रं बांगलादेशात जातं ते ट्रकनं, आणि तिथल्या आयातशुल्कानं शेतकऱ्याचं कंबरडं मोडलं. त्याला चांगलं पॅकहाऊस (फळं निवडून खोक्यात भरण्याची जागा), शीतगृह आणि बंदरापर्यंत थंड कंटेनर द्या. विमानाचा माल वेगळा असतो: औषधं, विमानांचे सुटे भाग, इलेक्ट्रॉनिक्स, लसी. किमतीनं भारी, वजनानं हलका आणि घाईचा.

आणि विमान एका बाजूनं रिकामं उडालं, तर दोन्ही फेऱ्यांचा खर्च एकाच मालावर पडतो. म्हणून मालवाहू विमानाचा मालक पहिला प्रश्न विचारतो, परतीला काय मिळेल? औषध कारखान्याला कच्चा माल लागतो, देखभाल केंद्राला परदेशातून भाग मागवावे लागतात. हा येणारा माल आज इतर विमानतळांवर उतरतो आणि ट्रकनं इथे येतो. तो थेट नागपुरात उतरला, तर जाणाऱ्या मालाचं भाडं आपोआप खाली येईल. उद्योजकांनी एकत्र बसून आपला येणारा-जाणारा माल एकदा कागदावर मांडावा, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.

सरकारकडे मागणी आहे ती रात्रीची. मालाचं विमान रात्री उडतं. कस्टम्सचा अधिकारी, रोपं आणि फळं तपासून प्रमाणपत्र देणारा अधिकारी, एक्स-रे तपासणीची माणसं रात्री दोन वाजताही खिडकीवर हवीत. रात्री आलेला औषधाचा खोका सकाळपर्यंत उघड्यावर राहिला, तर थंड खोली बांधून काय उपयोग?

दुसरी धावपट्टी लागेल, हे मला मान्य आहे. पण शिवणगावसारख्या ज्या गावांनी जमीन दिली, त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न वर्षानुवर्षं रेंगाळला. त्या घरांतल्या मुलामुलींना गोदाम व्यवस्थापन आणि माल तपासणीचं प्रशिक्षण आताच सुरू करावं, आणि विमानतळावरच्या भरतीत पहिली नावं त्यांची असावीत.

नमस्कार.