छत्तीस अंशांवर थांबलेली कळी

पाव फुगवणारं यीस्ट मधोमध चिरून दोन होत नाही. त्याच्या अंगावर कळी फुटते, ती वाढते आणि शेवटी सुटते. त्यामुळे कळीच्या आकारावरून पेशी विभाजनाच्या कुठल्या टप्प्यात आहे, हे नुसत्या सूक्ष्मदर्शकातून सांगता येतं. अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ लेलँड हार्टवेल यांनी १९७०च्या सुमारास विभाजन चालवणारी जनुकं शोधायला याच खुणेचा उपयोग केला.

विभाजनाचं जनुक पुरतं बिघडलं तर पेशी मरणार, मग अभ्यास कशाचा करायचा? म्हणून तापसंवेदी म्युटंट घ्यायचे, म्हणजे जनुकातला बिघाड गरम झाल्यावरच दाखवणारे. ते २३ अंशांना वाढतात, ३६ला अडतात. पण ३६ला न वाढणारा प्रत्येक म्युटंट विभाजनाचा नसतो, आणि घोटाळा इथेच होतो. प्रथिनं बनवण्याची यंत्रणा बिघडली तरी वाढ थांबतेच. फक्त पेशी जिथल्या तिथे, वाटेल त्या अवस्थेत थबकतात. सीडीसी (सेल डिव्हिजन सायकल, म्हणजे पेशी-विभाजनाचं चक्र) म्युटंटमध्ये मात्र जवळजवळ सगळ्या पेशी एकाच रूपात गोळा होतात. सीडीसी२८ हे जनुक बिघडलेलं असेल तर बिनकळीच्या, सीडीसी१५ असेल तर मोठी कळी आणि दोन केंद्रकं.

आता हात घालायचा तो असा. लिटरभर पाण्यात १० ग्रॅम यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, २० ग्रॅम पेप्टोन, २० ग्रॅम डेक्स्ट्रोज. डेक्स्ट्रोज वेगळं ऑटोक्लेव्ह करा (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करा), नाहीतर माध्यम करपून तांबूस होतं. रात्रभर वाढवलेलं दाट कल्चर थेट वापरू नका. साखर संपली की उपाशी पेशीही बिनकळीच्या थांबतात आणि बघणाऱ्याला सीडीसी२८ सापडल्याचा आनंद होतो! पातळ करून, वाढ जोरात असताना म्हणजे ओडी (कल्चरच्या गढूळपणाचं माप) ०.२-०.३ला घ्या. फ्लास्क इनक्युबेटरच्या हवेत फार सावकाश तापतो. हलवत्या वॉटर बाथमध्ये ठेवा. किंवा २३ अंशांच्या कल्चरमध्ये तेवढंच ४९ अंशांचं माध्यम, फ्लास्क फिरवत, हळूहळू ओता, ३६ येतात. चार तासांनी फॉर्मॅल्डिहाइडमध्ये स्थिर करा, सोनिकेटरचा एक छोटा झटका देऊन गुठळ्या सोडवा, मगच २०० पेशी मोजा. सुटूनही चिकटलेल्या मायलेकी (मूळ पेशी आणि तिची कळी) मोठ्या कळीत मोजल्या गेल्या तर आकडे बिघडतात.

पुण्यात मे महिन्यात टेबलावर राहून गेलेली म्युटंटची प्लेट म्हणजे ३६ अंशांचाच प्रयोग. त्यातून तगतात ते उलट फिरलेले, म्हणजे बिघाड दुरुस्त होऊन ३६ला वाढणारे. ग्लिसरॉल स्टॉकमधून (गोठवून ठेवलेल्या साठ्यातून) प्लेटवर ताजी रेघ ओढा आणि दर वेळी दोन्ही तापमानांना तपासा.

तापमान बदललं त्या क्षणी ज्या पेशींचं त्या जनुकाचं काम उरकलेलं असतं, त्या चालू विभाजन पुरं करतात आणि पुढच्या फेरीत अडतात. तेव्हा जनुक लागतं कधी आणि पेशी थांबते कुठे, या दोन वेगळ्या गोष्टी. सीडीसी९ पाहा. हे डीएनएचे तुकडे सांधणारं लायगेज. ते बिघडलं की पेशी मोठी कळी घेऊन थांबते, पण तिला अडवतं रॅड९ हे दुसरंच जनुक. रॅड९ही काढून टाकलं, तर पेशी थांबत नाही. न सांधलेल्या डीएनएनिशी विभागत जाते आणि मरते.