भाच्याचं क्वाड्रो

मघाशी चहा घेताना एका मुलाने विचारलं, "सर, ती इंजिनिअर लोकांची ग्राफिक्स कार्डं एवढी महाग असतात, मग त्यांच्यावर गेम तर भन्नाट चालत असतील ना?" मी म्हटलं, थांब, सगळ्यांसमोरच सांगतो. माझ्या भाच्याने हाच प्रश्न वेळेवर विचारला असता तर त्याचे पैसे वाचले असते. त्याने आधी घेतलं, मग विचारलं.

भोसरीतल्या कुठल्याशा डिझाइन ऑफिसातून निघालेली जुनी वर्कस्टेशनं एकजण विकत होता. दणकट पेटी, झिऑन प्रोसेसर, आणि आत एनव्हिडियाचं क्वाड्रो के२०००. "प्रोफेशनल कार्ड आहे दादा, नवीन घ्यायला गेलास तर झेपणार नाही," असं विकणारा म्हणाला. तो खोटं बोलला नाही बरं का! २०१३ साली ते कार्ड आलं तेव्हा त्याची किंमत सहाशे डॉलरच्या घरात होती. पोराने हौसेने घरी आणलं, गेम टाकला, आणि पडद्यावर लग्नाच्या अल्बमसारखी एकेक फ्रेम सरकायला लागली. लगेच मला फोन, "मामा, कार्ड खराब निघालं."

कार्ड ठणठणीत होतं. त्याच्या आतली चिप जीके१०७, कोअर म्हणजे हिशेब करणारे छोटे भाग ३८४, मेमरी २ जीबी. हीच चिप, तेवढेच ३८४ कोअर, २०१२ साली गेमवाल्यांसाठीच्या जीफोर्स मालिकेत जीटीएक्स ६५० नावाने १०९ डॉलरला आले होते. वर त्या स्वस्त कार्डाचा क्लॉक, म्हणजे चिपचा वेग, थोडा जास्त आणि मेमरीही वेगवान. म्हणजे पाचपट पैसे मोजून गेमसाठी कांकणभर कमीच हाती आलं.

मग ते जादाचे पैसे जातात कुठे? मी वीसेक वर्षं पिंपरी-चिंचवडच्या डिझाइन ऑफिसांमधली मशिनं सांभाळली, त्यामुळे याचं उत्तर मी डोळ्यांनी बघितलंय. यंत्रांचे भाग डिझाइन करायच्या सॉलिडवर्क्स या सॉफ्टवेअरमध्ये रिअलव्ह्यू नावाचं एक बटण असतं. दाबलं की लोखंडी भाग लोखंडासारखा चमकतो, खाली सावली पडते. मशिनला क्वाड्रो असेल तर बटण चालू. जीफोर्स असेल तर करडं पडून राहतं, कितीही दाबा. चिप तीच असली तरीसुद्धा! मग कुणीतरी ज्ञानी पोरगा विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे आतल्या सेटिंगांत, खाडाखोड करायचा आणि ते बटण उजळायचं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे कुलूप ड्रायव्हरला, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, आहे, चिप बिचारी मोकळीच आहे.

एनव्हिडियाने स्वतःच हे एकदा दाखवून दिलं. २०१७ मध्ये टायटन एक्सपी या महागड्या कार्डासाठी त्यांनी नवा ड्रायव्हर काढला आणि मायासारख्या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये तिपटीपर्यंत वेग मिळेल असं जाहीर केलं. कार्ड तेच, लोकांच्या पेटीत आधीपासून बसलेलं. प्रतिस्पर्धी एएमडीचं व्हेगा फ्रंटियर कार्ड नुकतंच बाजारात आलं होतं, हा काही निव्वळ योगायोग नसावा.

पण म्हणून ही सगळी लूट आहे, असं मी म्हणणार नाही. एखाद्या डायची, म्हणजे धातूला आकार देणाऱ्या साच्याची, हजार-दोन हजार भागांची असेंब्ली उघडलीय, सेक्शन घेतल्यावर एक कडा दिसत नाहीये, आणि उद्या टूलरूमला ड्रॉइंग द्यायचंय. अशा वेळी सॉफ्टवेअरवाल्यांना फोन लावला की पहिला प्रश्न येतो, कार्ड कुठलं, ड्रायव्हर कुठला. प्रमाणित यादीत नसेल तर "आधी ते बदला" म्हणून फोन खाली. यादीत असेल तर दुखणं त्यांचं. कंपनी पैसे मोजते ते याचे. शिवाय वरच्या प्रोफेशनल कार्डांच्या मेमरीत ईसीसी असते, म्हणजे एखादा बिट उलटला तर तो पकडून दुरुस्त होतो. स्ट्रेस अ‍ॅनालिसिस रात्रभर चालणार असेल तर हे हवंच. गेममध्ये बिट उलटला तर एखादा ठिपका साठांश सेकंद लाल दिसेल. तुम्ही तेवढ्यात मेलेले असता.

अलीकडची जोडी बघा. २०२० ची. प्रोफेशनल आरटीएक्स ए६००० आणि गेमवालं जीफोर्स आरटीएक्स ३०९०, दोन्हींत जीए१०२ चिप. पहिल्यात १०,७५२ कोअर, दुसऱ्यात १०,४९६. मेमरी ४८ जीबी विरुद्ध २४ जीबी. पण मेमरीचा वेग उलटा, ७६८ विरुद्ध ९३६ जीबी प्रति सेकंद, आणि गेमला तो लागतो. वीज ३०० वॉट विरुद्ध ३५०. तेव्हाची किंमत साडेचार हजार डॉलरच्या वर विरुद्ध १,४९९. त्यातून ए६००० ला चार डिस्प्लेपोर्ट आहेत, एचडीएमआय एकही नाही, म्हणजे टीव्हीला जोडायचं तर अडॅप्टर शोधा. आणि पॉवरची आठ पिनांची खोबण प्रोसेसरला लावतात त्या जातीची. ग्राफिक्स कार्डाच्या आठ पिनांची मांडणी वेगळी असते, तेव्हा दिसायला सारखी म्हणून कोंबायला जाऊ नका. सोबत कनेक्टर देतात, तोच लावा.

आता तुम्ही म्हणाल, सर्वांत वरचं घेतलं तर? २०२५ च्या आरटीएक्स प्रो ६००० ब्लॅकवेलमध्ये २४,०६४ कोअर आहेत, आरटीएक्स ५०९० मध्ये २१,७६०. इथे मात्र प्रोफेशनल कार्ड गेममध्येही पुढे आहे. पण कोअर दहा टक्क्यांनी जास्त आणि बाजारात आलं तेव्हा किंमत चौपट! ९६ जीबी मेमरी मिळते, पण ती भरेल असा गेम मला तरी दाखवा. घरी मोठी एआय मॉडेलं चालवणारा किंवा दिवसभर रेंडरिंग करून पोट भरणारा असेल, तर त्याने जरूर घ्यावं आणि रात्री गेम फुकटात खेळावा.

एका कार्डापुरता मात्र मी माझा शब्द मागे घेतो. आरटीएक्स ए२०००, साल २०२१. ७० वॉट, वेगळी पॉवर केबल नको, उंचीला अर्धं. ऑफिसातून निघालेले ते चपटे, छोटे डबे असतात ना, त्यांत ते बसतं. ३,३२८ कोअर आहेत, म्हणजे ३०६० च्या ३,५८४ पेक्षा फार कमी नाहीत, फक्त विजेला लगाम घातलेला. त्या आकारात गेमिंगचं तेवढं दमदार कार्ड तेव्हा कुणी देतच नव्हतं. सेकंडहँड बऱ्या भावात मिळालं तर खुशाल घ्या. मिनी डिस्प्लेपोर्टचे अडॅप्टर मात्र हिशेबात धरा.

भाच्याचं काय झालं? पेटी चांगली होती, ती ठेवली. आम्ही लॅमिंग्टन रोडवरून एक जुनं जीटीएक्स १०६० आणलं, सहा जीबीचं. सहा पिनांची केबल आतच लोंबत होती, ती लावली, आणि पोरगं त्या रात्री जेवायलासुद्धा उठलं नाही. ते के२००० त्याच्या आयटीआयवाल्या मित्राला दिलं. त्याच्याकडे सॉलिडवर्क्सची जुनी आवृत्ती आहे. तिथे रिअलव्ह्यूचं बटण पहिल्या दाबात उजळलं.