दोन शेकोट्या

(वसईतल्या एका चर्चच्या सभागृहात उपवासकाळात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

फादर, सिस्टर्स आणि मंडळी,

पश्चात्ताप हा आपला मराठी शब्द मोठा चटका देणारा आहे. पश्चात् म्हणजे नंतर, ताप म्हणजे भाजणं. करून झाल्यावर जे पोळतं, ते. म्हणूनच आपण 'पश्चात्तापाने पोळला' म्हणतो आणि पोळलं की काम झालं असं समजतो. शुभवर्तमानात येशू पहिल्यांदा उपदेश करतो तेव्हा 'पश्चात्ताप करा' असंच आपण वाचतो. पण तिथला मूळ ग्रीक शब्द आहे 'मेटानोया', मन पालटणं. त्याच्याही मागे उभा असलेला हिब्रू शब्द आहे 'शूव्ह'. त्याचा अर्थ तर अगदी पायांचा आहे: वळणं, माघारी फिरणं. चुकीच्या एसटीत बसलेला माणूस कितीही हळहळला तरी गाडी पुढेच जाते. त्याला उतरावं लागतं.

लॅटिन बायबलात हेच वाक्य 'प्रायश्चित्त करा' अशा वळणाने वाचलं जाऊ लागलं. 1517 साली जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने जे पंच्याण्णव मुद्दे मांडले, त्यांतला पहिलाच मुद्दा या वाक्यावर आहे: श्रद्धावंताचं सगळं आयुष्यच पश्चात्तापाचं असावं, अशी प्रभूची इच्छा आहे. त्यातून उठलेल्या कॅथलिक-प्रोटेस्टंट भांडणात आज शिरत नाही. मला आज तुम्हांला यहूदाकडे न्यायचं आहे, चुंबनाची खूण करून तीस नाण्यांसाठी येशूला धरून देणाऱ्या त्याच्याच शिष्याकडे.

यहूदा इस्कार्योत आपल्याला फक्त चुंबन आणि तीस नाणी एवढ्यापुरताच आठवतो. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या सत्ताविसाव्या अध्यायात पुढे काय होतं, ते सावकाश वाचा. येशूला दोषी ठरवलं हे पाहून यहूदा पस्तावतो. मुख्य याजकांकडे जातो. म्हणतो, मी निर्दोष रक्त धरून देऊन पाप केलं आहे. आणि ती तीस नाणी मंदिरात फेकून देतो.

आता धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण काय पाठ केलं होतं ते आठवा. प्रायश्चित्त संस्कारात पापी माणसाने करायच्या गोष्टी तीन: मनापासून दुःख, धर्मगुरूपाशी पापाचं निवेदन आणि झालेल्या नुकसानीची भरपाई. यहूदाने तिन्ही केल्या! दुःख झालं, तोंडाने कबुली दिली, पैसा परत केला. येशूला धरलं त्या रात्री 'मी त्याचा नाही' म्हणणारा दुसरा शिष्य पेत्र. कागदावर पाहिलं तर त्या पेत्रापेक्षा यहूदाचं काम जास्त पक्कं आहे. पेत्र तर नुसता बाहेर जाऊन रडला.

मग यहूदाने शेवटी गळफास का घेतला? अडलं कुठे? काही जण म्हणतात, मत्तयाने यहूदासाठी 'मेटानोया'चं क्रियापद वापरलेलं नाही, 'मेटामेलोमाइ' वापरलंय, म्हणजे नुसती हळहळ. हे मला पुरेसं वाटत नाही. कारण मत्तयाच्याच एकविसाव्या अध्यायातला मुलगा, जो बापाला आधी 'जात नाही' म्हणतो आणि मग द्राक्षमळ्यात कामाला जातो, त्याच्यासाठीही हेच क्रियापद आहे. आणि तो मुलगा तर चांगला निघाला. एका शब्दावर सगळं टांगून ठेवू नये.

माझी नजर अडते ती याजकांच्या उत्तरावर. 'आम्हांला त्याचं काय? तुझं तू पाहा.' ज्यांचं कामच पापी माणसासाठी अर्पण वाहणं, ते म्हणतात तुझं तू पाहा. यहूदा चुकीच्या दारात गेला, आणि त्या दाराने त्याला हाकललं. तिथून तो एकटा निघाला. येशू पुन्हा उठला त्या रविवारची सकाळ होईपर्यंत तो थांबला नाही. आपल्या गावांत, आपल्या घरांतसुद्धा एखाद्या मुलीला, एखाद्या दारू सुटलेल्या माणसाला आपण किती वेळा ऐकवतो, 'तुझं तू बघ'? असो.

यहूदा नरकात आहे, असं चर्चने अधिकृतपणे कधीच जाहीर केलेलं नाही. कोणत्याच माणसाबद्दल केलेलं नाही. फ्रान्समध्ये व्हेझले नावाचं गाव आहे. तिथल्या बाराव्या शतकातल्या चर्चमध्ये एका खांबाच्या माथ्यावर शिल्प आहे. एका बाजूला यहूदा गळफास घेतलेला, जीभ बाहेर आलेली. आणि दुसऱ्या बाजूला एक माणूस त्याचं प्रेत खांद्यावर टाकून चाललाय, मेंढपाळ मेंढरू नेतो तसा. तो माणूस नक्की कोण यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण पोप फ्रान्सिस यांना तो उत्तम मेंढपाळ, म्हणजे येशूच, वाटला, आणि त्यांनी तसं बोलूनही दाखवलं.

आता पेत्र. येशूला धरलं त्याच रात्री, प्रमुख याजकाच्या वाड्यात. योहान सांगतो, थंडी होती म्हणून चाकरांनी कोळशाचा विस्तव पेटवला होता आणि पेत्र त्यांच्यात उभा राहून शेकत होता. तिथे तीन वेळा विचारणा झाली, तू त्याच्यापैकी ना? तिन्ही वेळा 'मी नाही'. कोळशाच्या विस्तवाला ग्रीकमध्ये 'अँथ्रकिया' म्हणतात. अख्ख्या नव्या करारात हा शब्द फक्त दोनदा येतो. एकदा इथे. दुसऱ्यांदा योहानाच्याच एकविसाव्या अध्यायात, येशू पुन्हा उठल्यानंतर, तिबिर्या सरोवराच्या काठी. रात्रभर जाळं टाकून काही हाती न लागलेले शिष्य पहाटे परततात, तर काठावर कोळशाचा विस्तव पेटलेला, त्यावर मासळी ठेवलेली, आणि भाकर.

पाचूबंदरच्या मंडळींना मी हे काय समजावू? ओल्या कपड्यांनी किनाऱ्याला लागावं आणि निखाऱ्यावरच्या मासळीचा वास यावा! पण पेत्राला त्या वासात तो वाडा आठवला नसेल? जिथे नाकारलं, तसल्याच विस्तवापाशी प्रभू त्याला परत बसवतो. आधी 'या, न्याहारी करा' म्हणतो. मग विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का? तीन वेळा. तिसऱ्यांदा पेत्र दुःखी होतो. इथे प्रीतीसाठी दोन वेगळी ग्रीक क्रियापदं आहेत, त्यावर पुष्कळ प्रवचनं होतात. मला त्यात फारसा दम वाटत नाही, योहान असे शब्द अदलून बदलून वापरतोच. मोजायचं ते तीन. आणि जे विचारलं नाही ते: 'असं का केलंस?' हा प्रश्न एकदाही येत नाही.

मग लोक म्हणतात, हे बरंय तुम्हां कॅथलिकांचं, शनिवारी निवेदन केलं की सोमवारपासून पाटी कोरी! सुरुवातीच्या शतकांत असं नव्हतं बरं का. मोठ्या पापाचं प्रायश्चित्त जाहीर असे आणि आयुष्यात एकदाच मिळे. खाजगीत, पुन्हा पुन्हा निवेदन करण्याची रीत पुढे पसरली ती आयर्लंडच्या मठवासीयांमुळे, आणि वर्षातून निदान एकदा निवेदन करावं हा नियम 1215 सालच्या लॅटरन परिषदेचा.

माझंच सांगतो. अकरा वर्षांचा असताना आम्ही तिघा पोरांनी शेजारच्या वाडीतला केळीचा कच्चा लोंगर कापला. निव्वळ कोयता चालवून बघायला. केळी ओढ्यात टाकून दिली. निवेदनाच्या जाळीपलीकडून फादरांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, 'वाडीवाल्याला माहीत आहे?' मी नाही म्हणालो. तीन 'नमो मरिया' प्रार्थना म्हणायला सांगितल्या आणि म्हणाले, आता त्याला जाऊन सांग. नमो मरिया पाच मिनिटांत झाल्या. वाडीच्या बांधापर्यंत जायला मला चार दिवस लागले. म्हातारा ऐकून म्हणाला, 'मला ठाऊक होतं. घाव तीन ठिकाणी पडलेला, मोठ्या माणसाचा हात नव्हता तो.' मग पावसाळा लागेपर्यंत दर शनिवारी मी त्याच्या केळींना पाणी घातलं. एका लोंगराची किंमत त्यात कधीच वसूल झाली, पण थांब असं तो म्हणाला नाही, आणि मीही विचारलं नाही. शेवटी शेवटी तो मला चहा द्यायचा.

शुभवर्तमानातला जकातदार जक्कयही येशू घरी जेवायला आल्यावर चौपट परत करायचं बोलतो. आधी परत करून मग येशूला बोलावत नाही. पण क्षमा आधीच मिळालेली असेल तर आपल्या करण्याला किंमत काय? यावर कॅथलिक आणि प्रोटेस्टंट पाचशे वर्षं वाद घालत आहेत. मी पुन्हा त्या किनाऱ्यावर जातो, कारण तिथलं एक वाक्य आपण घाईत वाचतो. विस्तवावर मासळी आधीच आहे. शिष्यांनी धरलेली नव्हे, प्रभूने ठेवलेली. तरीही तो म्हणतो, 'तुम्ही आत्ता धरलेल्या मासळीतली थोडी आणा.' आणि पेत्र, नुकताच पाण्यातून निथळत आलेला, उठून मचव्याकडे जातो आणि जाळं एकट्याने ओढून काठावर आणतो. कोणीतरी मोजली असावीत, 153 मोठे मासे. जाळं फाटलं नव्हतं.