काही वाटत नाही

नमस्कार मंडळी.

विषय 'फील' या इंग्रजी शब्दाचा आहे, पण सुरुवात घरातल्या एका मराठी वाक्यापासून करते. माझ्या आईला वीस वर्षांपासून मधुमेह. तीन वर्षांपूर्वी आम्ही तिला नेहमीच्या तपासणीला घेऊन गेलो. तिथल्या बाईंनी छापील यादी वाचत विचारलं, "आजी, पायाला काही त्रास वगैरे?" आई म्हणाली, "नाही गं, पायाला काही वाटत नाही." बाईंनी कागदावर 'तक्रार नाही' असं लिहिलं. मी शेजारीच बसले होते. मलाही ऐकून हायसं वाटलं.

दोन महिन्यांनी तिच्या टाचेला जखम दिसली. चपलेत खडा अडकला होता आणि ती दिवसभर त्याच्यावर चालली होती. तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. 'पायाला काही वाटत नाही' म्हणजे पाय ठीक आहे, असं तिला म्हणायचंच नव्हतं. पाऊल बधिर झालंय, हे ती आम्हाला तिच्या शब्दांत सांगत होती. ती बरोबर बोलली होती. ऐकणाऱ्या आम्ही दोघी चुकलो.

पुढच्या डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनचा एक बारीक तंतू तळव्याला ठिकठिकाणी टेकवला. हा तंतू 10 ग्रॅमच्या दाबाला वाकतो. प्रत्येक वेळी ते विचारत होते, "आता कळलं का?" 'वाटलं का' असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. 'कळलं का' या प्रश्नाला हो किंवा नाही, दोनच उत्तरं असतात. आईने दहापैकी सहा ठिकाणी 'नाही' म्हटलं.

तेव्हापासून हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. 'काही वाटत नाही' म्हणजे त्रास नाही. 'काही वाटत नाही' म्हणजे बधिर आहे. आणि आवाज चढवून 'तुला काही वाटत नाही का?' म्हटलं, की त्याचा अर्थ तुला लाज नाही. शरीर, प्रकृती आणि शरम, तिन्हींसाठी एकच क्रियापद. मिक्सरमध्ये मसाला वाटतो आणि बारशाला पेढे वाटतात, ती क्रियापदं वेगळी. ती इथे धरलेलीच नाहीत.

मी तीस वर्षं नाशिकमध्ये कॉलेजच्या मुलांना इंग्रजी शिकवलं. आता आरोग्यविषयक पत्रकांचे अनुवाद करते. त्या कामात रोज आडवा येणारा शब्द म्हणजे 'फील'. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत त्याचं रूप 'फेलान' असं होतं. अर्थ अगदी हाताचा: स्पर्श करून जाणणं, चाचपणं. जर्मनमधला 'फ्यूलन' हा त्याचा भाऊबंद. मनाचे अर्थ त्याला नंतर चिकटत गेले. आज तो काय काय करतो ते बघा. 'आय फील द क्लॉथ', मी कापड चाचपून बघते. 'द क्लॉथ फील्स सॉफ्ट', कापड हाताला मऊ लागतं. 'आय फील कोल्ड', मला थंडी वाजते. 'आय फील अँग्री', मला राग येतो. 'आय फील दॅट यू आर राँग', मला वाटतं तुमचं चुकतंय. 'आय फील लाइक टी', चहा घ्यावासा वाटतो. 'आय फील फॉर यू', तुमच्यासाठी जीव तुटतो. इंग्रजीत सगळीकडे एक 'फील'. मराठीत चाचपणं, लागणं, वाजणं, येणं, वाटणं, तुटणं.

म्हणून मराठी श्रीमंत आणि इंग्रजी गरीब, असा निकाल मी देणार नाही. आईच्या बाबतीत घोटाळा मराठीनेच केला. इंग्रजीत तो क्वचितच झाला असता, कारण पाय बधिर झाला तर इंग्रज माणूस 'नम' म्हणतो. कुठल्या भाषेत कुठे वाट निसरडी आहे, ते माहीत असलं पाहिजे, एवढंच माझं म्हणणं आहे.

'फील'च्या मुळातला स्पर्श मराठीत कोणाकडे आला असेल, तर तो 'लागणे'कडे. संस्कृत 'लग्', म्हणजे चिकटणं. दगड लागतो, ऊन लागतं, भूक लागते, लळा लागतो, वेड लागतं, सूर लागतो, मन लागत नाही. बाहेरगावी शिकायला गेलेली मुलगी फोनवर 'मन लागत नाही गं' म्हणते, तेव्हा ती अगदी शारीरिक गोष्ट सांगत असते. मन कशाला टेकतच नाहीये, टेकलं तरी सुटून येतंय. आणि 'त्याचं बोलणं मला लागलं' म्हणताना आपण दगड आणि शब्द एकाच माळेत ओवतो.

आता विभक्तीकडे या. इंग्रजीत 'आय' कर्त्याच्या जागेवर बसलेला असतो. मराठीत 'मला'. निफाडला पारा उतरल्याची बातमी आली की आपण म्हणतो, मला थंडी वाजते. त्या वाक्याचा कर्ता थंडी आहे, मी फक्त तिचा मुक्काम. राग येतो, झोप येते, आठवण येते, सगळे पाहुण्यासारखे येतात. ही रचना हिंदी, कन्नड, तमिळ अशा आपल्या बहुतेक भाषांमध्ये आहे. यावरून मराठी माणूस भावनांपुढे हतबल असतो असा सिद्धांत काढणारे मला भेटलेत, मला तो पटत नाही. तोच माणूस 'मी चिडलो', 'मी घाबरलो', 'मी दमलो' असंही म्हणतो. राग येणं आणि चिडणं यांत फरक आहे. आलेला राग गिळता येतो. चिडलेला माणूस चिडून झालेला असतो.

माझे विद्यार्थी म्हणायचे, "मॅडम, मला लो फील होतंय." शब्द उसना आणला, पण 'मला' सोडला नाही. व्याकरणाने आपली जागा राखली, हे मला मोलाचं वाटतं. काळजी वेगळ्याच गोष्टीची आहे. 'लो फील होतंय'मध्ये उदास, खचलेलं, एकटं, कंटाळलेलं, अपमानित असं सगळंच जातं. मी विचारायचे, "लो म्हणजे कसं?" बराच वेळ गप्प राहून एका मुलीने सांगितलं, "पोटात खड्डा पडल्यासारखं." तिथून पुढे आम्ही बोलू शकलो.

पोटातला खड्डा हा नुसता अलंकार नव्हे. विल्यम जेम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1884 मध्ये एका लेखात असं मांडलं, की आपण घाबरतो म्हणून थरथरत नाही, थरथरतो आणि ती थरथर जाणवते तीच भीती. यावर पुढे पुष्कळ वाद झाले, आजही मानसशास्त्र त्याला जसंच्या तसं मान्य करत नाही. पण मराठी बोलणाऱ्याला त्यात धक्का बसण्यासारखं काही नाही. पोटात गोळा येतो, काळजात चर्र होतं, हातपाय गळतात, तोंडचं पाणी पळतं, अंगावर काटा येतो, आवंढा गिळावा लागतो. आपण भीतीचं आणि दुःखाचं ठिकाण सांगितल्याशिवाय पुढे जात नाही.

वेदनेच्या शब्दांकडे येते, कारण माझं काम तिथेच जास्त असतं. 1975 मध्ये कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी वेदना मोजण्यासाठी प्रश्नावली तयार केली. तिच्यात इंग्रजीतले 78 शब्द 20 गटांत मांडलेत. काही शब्द वेदना कशी आहे हे सांगणारे, काही ती मनाला किती पिळते हे सांगणारे. पुढे 1979 मध्ये वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने व्याख्या केली, तिच्यात वेदनेला संवेदना आणि भावना दोन्हींचा अनुभव म्हटलं. म्हणजे 'फील'चे दोन्ही अर्थ एकाच जागी.

अशी प्रश्नावली मराठीत शब्दाला शब्द ठेवून करता येत नाही. गळू ठसठसतं. दात ठणकतो. डोळा चुरचुरतो. छातीत जळजळतं. पाठीत उसण भरते, कमरेत चमक निघते, पायाला मुंग्या येतात, खरचटलेली जागा हुळहुळते. ठणकणारा दात आणि ठसठसणारं गळू यांतला फरक आपल्या आजीला शिकवावा लागत नाही. हे सगळं 'पेन होतोय' म्हणून सांगितलं, की डॉक्टरांच्या हातातली अर्धी माहिती गेली.

आणि 'झोंबणे'. आपल्या नाशिकच्या मिसळीचा रस्सा जिभेला झोंबतो. तिखट ही चव नाही. मिरचीतला कॅप्सेसिन हा पदार्थ नसांच्या टोकावरच्या ज्या ग्राहीला, म्हणजे संवेदना टिपणाऱ्या रिसेप्टरला, जागं करतो, तोच ग्राही चटका बसवणाऱ्या उष्णतेलाही जागा होतो. डेव्हिड ज्युलियस या अमेरिकी शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेने 1997 मध्ये तो शोधला, आणि तापमान व स्पर्श आपल्याला कसे कळतात या शोधांसाठी त्यांना आणि आर्डेम पाटापूटियन यांना 2021 चं नोबेल मिळालं. मिरची झोंबते, जखमेवर स्पिरिट झोंबतं, खरं बोललेलं झोंबतं. तिन्ही ठिकाणी जळतंच.

खुद्द 'वेदना' या शब्दाचं काय झालं ते इथे, नाशिकमध्येच सांगायला हवं. तो 'विद्'पासून आला, जाणणे. वेद, विद्या, वेदना, एकाच घरातली माणसं. त्रिरश्मी लेण्यांत, म्हणजे आपल्या पांडवलेण्यांत, ज्या बौद्ध भिक्षूंचा वास होता, त्यांच्या परंपरेत वेदना म्हणजे दुखणं नव्हे. वेदना तीन: सुखद, दुःखद आणि दोन्ही नसलेली. थंडगार पाणी पायाला लागलं, तीही वेदनाच. मराठीत येईपर्यंत पहिली आणि तिसरी गळून पडली, दुःखद तेवढी उरली. याच जिल्ह्यात इगतपुरीला विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरात बसलेल्यांना शरीरावरच्या ज्या संवेदना तटस्थपणे बघायला सांगतात, त्याच त्या जुन्या वेदना. इंग्रजीत या शब्दाचा अनुवाद बरेच पंडित 'फीलिंग' करतात. ही विपश्यना शिकवणारे गोएंका गुरुजी 'सेन्सेशन' म्हणत. अनुवादक म्हणून माझा कौल गुरुजींकडे आहे, कारण 'फीलिंग' म्हटलं की ऐकणारा लगेच राग-लोभाकडे वळतो, आणि तिथे तर राग-लोभ उठण्याच्या आधीचा क्षण पकडायचा असतो.

'भाव'ही असाच. लासलगावला भाव म्हणजे कांद्याचा दर, देवळात भाव म्हणजे श्रद्धा, नाटकात भाव म्हणजे चेहऱ्यावरचं. यावर एक वेगळं व्याख्यान होईल, आज पुढे जाते.

नैराश्य ओळखण्यासाठी जगभर वापरली जाणारी नऊ प्रश्नांची एक यादी आहे. नऊपैकी तीन प्रश्न इंग्रजीत 'फीलिंग'ने सुरू होतात. एक उदास आणि निराश असण्याचा, एक थकव्याचा, एक स्वतःबद्दल वाईट मत असण्याचा. तिन्हींना 'वाटते का' लावून मोकळं होता येतं. पण 'स्वतःबद्दल वाईट वाटतं का' या प्रश्नाला आपल्याकडच्या बाया 'हो, वाटतं ना, माझं किती हाल झाले' असं उत्तर देतात. ती स्वतःची कीव झाली. प्रश्न असा असतो, की तुम्ही स्वतःला नालायक समजता का. हे दोन्ही कागदावर एकाच खुणेने नोंदले जातात, आणि त्या खुणेवरून उपचार ठरतात. म्हणून मी 'आपण कुचकामी आहोत, घरच्यांना आपण कमी पडलो, असा विचार मनात येतो का' असं लांबलचक लिहिते. छपाईला जागा जास्त लागते. लागू दे.

शेवटी माझ्या लाडक्या शब्दांकडे येते. रुखरुख, चुटपुट, हुरहुर, घालमेल, उलघाल, तगमग, कालवाकालव. गाडी सुटेल म्हणून घाई केली आणि आजारी मावशीला न भेटताच परतलो, तर चुटपुट लागते. मावशी गेल्यावर तीच रुखरुख होते. चुटपुट दोन दिवसांत जाते, रुखरुख वर्षानुवर्षं राहते. हुरहुरीत पुढचं काहीतरी असतं, मुलीचं लग्न ठरल्यावर आईला लागते ती. तगमगीला माणूस एका जागी बसू शकत नाही. आता हे शब्द कानाला कसे लागतात बघा: रुखरुख, चुटपुट. आणि मघाचे: ठसठस, चुरचुर, जळजळ. मनाचे आणि शरीराचे शब्द एकाच साच्यातून निघालेत. काही तर दोन्हीकडे नांदतात. जळजळ पोटात होते आणि शेजाऱ्याचं बरं बघूनही होते. मळमळ जेवल्यावर होते आणि मनातलीही बाहेर काढावी लागते. काटा सलतो, अपमानही सलतो. इंग्रजीने शरीर आणि मन एका शब्दात बांधलं. मराठीने तेच नादात बांधलं, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

मी अशा शब्दांची वही करते आहे. आतापर्यंत दोनशे चौदा झालेत, त्यांतले निम्मे आईकडून. पाऊल बधिर झाल्यावर तिने एकदा सांगितलं होतं, "गादीवर चालल्यासारखं होतं, जमीन लागतच नाही." वहीतलं पहिलं वाक्य ते आहे. 'कसनुसं होणे' या शब्दापुढे मात्र मी अर्थाची जागा कोरी सोडली आहे. चारदा लिहिला, चारदा खोडला. पेठ, सुरगाणा, बागलाणकडची मंडळी आज इथे दिसताहेत, तुमच्याकडे अंगाचे आणि मनाचे आणखी शब्द असणार. वही दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे, पेन तिलाच बांधलेलं आहे. शब्द लिहा, आणि तो कोणाच्या तोंडून ऐकला तेही लिहा.