घरी केस-नखे कापताना कुत्र्याला इजा झाली तर

श्रोतेहो, नमस्कार. घरच्या घरी कुत्र्याची नखे किंवा केस कापताना हात चुकतो, कुत्रा कळवळतो आणि आपला जीव घाबरा होतो. अशा वेळी मूळ जखमेपेक्षा नंतरच्या घाईनेच अधिक नुकसान होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

सर्वाधिक घडणारी गोष्ट म्हणजे नख जास्त कापले जाणे. नखाच्या आत रक्तवाहिनी आणि मज्जातंतू असलेला जिवंत भाग असतो. पांढऱ्या नखात तो गुलाबी दिसतो, काळ्या नखात मात्र बाहेरून कळत नाही. त्या भागाला नखे कापण्याच्या हत्याराची धार लागली की रक्त बरेच वाहते आणि फरशीभर पंजाचे लाल ठसे उमटतात. पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. पण निरोगी कुत्र्याच्या बाबतीत हे रक्त बहुधा थोड्याच वेळात थांबते. स्वच्छ कापड नखाच्या टोकावर दाबून धरावे आणि घड्याळ लावून 5 मिनिटे दाब सोडू नये. थांबले का, हे पाहायला कापड सारखे उचलले, तर नुकतीच धरू लागलेली गुठळी त्याच्याबरोबर निघून येते. रक्त थांबवणारी स्टिप्टिक पावडर किंवा ती नसल्यास कॉर्नफ्लोअर नखावर दाबून लावता येते. मात्र त्वचेच्या जखमेत यांपैकी काहीही भरू नये.

ट्रिमरच्या तापलेल्या पात्याने त्वचा लाल झाली, तर गार पाण्यात भिजवलेले कापड ठेवावे. बर्फ थेट लावू नये.

खरी काळजी घ्यावी ती कात्रीच्या जखमेची. केसांच्या जटा कापताना त्वचा जटेबरोबर वर ओढली जाते आणि केसांबरोबर तीही कापली जाते, विशेषतः काखेत, जांघेत आणि कानामागे. केसांमुळे अशी जखम दिसते त्याहून मोठी असू शकते. प्रथम दाबून रक्त थांबवावे, मग सलाइनने किंवा स्वच्छ कोमट पाण्याने ती हलक्या हाताने धुवावी. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि स्पिरिट जिवंत पेशींनाही इजा करतात, म्हणून ते टाळावे. झिंक ऑक्साइड असलेले मलम चाटल्यास बाधते, आणि माणसांची आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉलसारखी वेदनाशामके तर स्वतःच्या मनाने कधीही देऊ नयेत. चाटणे थांबवण्यासाठी गळ्यात शंकूच्या आकाराची कॉलर घालावी. दुखावलेला कुत्रा, कितीही मायाळू असला तरी, चावू शकतो. म्हणून त्याला दुसऱ्या कुणीतरी धरावे, आणि त्या दिवशीचे उरलेले केस तसेच राहू द्यावेत.

दाब देऊनही 10 मिनिटांत रक्त थांबले नाही, जखमेच्या कडा फाकल्या, किंवा पुढच्या दिवसांत सूज, पू वा दुर्गंधी आली, तर पशुवैद्यांकडे जावे. फाकलेली जखम असेल तर त्याच दिवशी न्यावे, कारण ताजी जखम शिवणे सोपे असते. आणि इजा केव्हा, कशाने झाली व वरून काय लावले, हे त्यांना न लपवता सांगावे.