555 सामने आणि एक साधा सरळ फटका: जहांगीर खान कसा खेळायचा

नमस्कार नाशिककर! स्क्वॉश शिकणाऱ्या प्रत्येकाने पाकिस्तानचा महान स्क्वॉशपटू जहांगीर खान नीट समजून घ्यायलाच हवा.

जन्म 1963, कराची. लहानपणी हर्नियाची ऑपरेशनं झालेली, डॉक्टरांनी दमछाक होणारे खेळ नकोत म्हणून बजावलेलं. 1979 मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, तो जागतिक हौशी विजेता झाला. त्याच वर्षी मोठा भाऊ तोरसम ऑस्ट्रेलियात सामना खेळताना कोसळला आणि गेला. जहांगीर खेळच सोडायला निघाला होता. चुलतभाऊ रहमत खानने त्याला सावरलं, घडवलं. 1981 मध्ये सतराव्या वर्षी ऑस्ट्रेलियाच्या जेफ हंटला हरवून वर्ल्ड ओपन! त्या एप्रिलपासून नोव्हेंबर 1986 पर्यंत सलग 555 विजय नोंदले गेले. फ्रान्समधल्या तुलूझला वर्ल्ड ओपनच्या अंतिम सामन्यात न्यूझीलंडच्या रॉस नॉर्मनने ही मालिका तोडली. ब्रिटिश ओपन मात्र 1982 ते 1991 सलग दहा वेळा त्याचीच.

आता मुद्द्याचं. त्याचं मुख्य हत्यार होतं भिंतीलगतचा लांब सरळ ड्राइव्ह. तेव्हा गेम 9 गुणांचा, आणि गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्यालाच. त्यामुळे रॅली लांबायच्या, आणि दम टिकेल तो जिंकायचा. 1983 मध्ये इजिप्तच्या गमाल अवादविरुद्धचा सामना 2 तास 46 मिनिटं चालला. पहिला गेम 71 मिनिटांचा, तो जहांगीर हरला; पुढचे तिन्ही जिंकला. यामागे रोजची सुमारे 14 किलोमीटरची धाव होती, म्हणजे त्र्यंबकेश्वरची निम्मी वाट, आणि वर वेळ लावून स्प्रिंट.

(रॅकेट हातात, बाजूच्या भिंतीजवळ)

हा फटका बघा. समोरच्या भिंतीवर सर्व्हिस लाइन 1.78 मीटरवर असते. बॉल तिच्या थोडा वर मारा, रॅकेटचा चेहरा किंचित उघडा, म्हणजे वरच्या बाजूला कललेला, ठेवून. पहिला टप्पा सर्व्हिस बॉक्सच्या (जमिनीवर आखलेल्या सर्व्हिसच्या चौकोनाच्या) मागे, दुसरा मागच्या भिंतीच्या पायथ्याशी पडला पाहिजे. खाली मारलात तर बॉल आखूड पडतो. नुसता जोर लावलात तर मागच्या भिंतीवरून परत येतो. दोन्ही वेळा समोरच्याला आयती संधी. बॉल कोर्टच्या मधे येतोय? तुम्ही त्याला फार चिकटून उभे आहात, हात मोकळा सुटत नाही. एक पाऊल लांब राहा. आणि फटका मारून बघत बसू नका, लगेच टी गाठा, म्हणजे कोर्टच्या मधोमध जमिनीवरच्या रेषा जिथे मिळतात ती जागा. जहांगीर हेच करायचा, सामन्याच्या दुसऱ्या तासातसुद्धा.

सर्व्हिस बॉक्सच्या मागे वर्तमानपत्र अंथरा, दहातले किती टप्पे त्यावर पडतात ते मोजा.

निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या येतात त्या दिवसांत एक काळजी घ्या. दोन पिवळ्या ठिपक्यांचा, म्हणजे सामन्यांतला कमी उसळणारा बॉल गार असला की मेल्यासारखा पडतो. तापल्यावर उसळी दुपटीहून वाढते. आधी पाच मिनिटं दोघांनी जोरात ड्राइव्ह मारून तो गरम करा. तरी उसळेना, तर सरळ एका पिवळ्या ठिपक्याचा, थोडा जास्त उसळणारा घ्या. नवशिक्याने त्यात कमीपणा मानायचं काहीच कारण नाही.