पाहुणा विद्यार्थी आणि यजमानांचं धोरण

श्रोतेहो, नमस्कार.

परदेशी शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याची यजमान देशाच्या परराष्ट्र धोरणाशी पहिली गाठ पडते ती व्हिसाच्या खिडकीवर. कुणाला चार प्रश्नांत शिक्का मिळतो, कुणाची फाईल महिनोन्‌महिने हलत नाही. हा फरक गुणांचा नसतो, पासपोर्टचा असतो. दोन सरकारांचं कितपत जमतं, हे विद्यार्थ्याला तिथंच कळून चुकतं.

पुढे मत बनतं ते वर्गात, वसतिगृहात. यजमान सरकारांची भाबडी आशा अशी, की मुलगा इथं शिकला म्हणजे आपल्या बाजूचा झाला. १९६० साली सोव्हिएत संघानं आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या तरुणांसाठी मॉस्कोत खास विद्यापीठ काढलं. पुढच्याच वर्षी त्याला काँगोच्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते पॅट्रिस लुमुम्बा यांचं नाव दिलं. वसाहतवादाच्या विरोधात आम्ही तुमच्यासोबत, असा त्याचा अर्थ. पण डिसेंबर १९६३ मध्ये घानाच्या एका विद्यार्थ्याचा संशयास्पद मृत्यू झाला आणि आफ्रिकी विद्यार्थी थेट लाल चौकात निदर्शनांना उतरले. सरकार व्यासपीठावरून बंधुभाव सांगत होतं. ही मुलं मात्र रस्त्यात वाट्याला येणाऱ्या वागणुकीबद्दल बोलत होती.

इराणी विद्यार्थ्यांची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या परदेशी विद्यार्थ्यांत त्यांचाच गट सर्वांत मोठा होता. नोव्हेंबर १९७७ मध्ये इराणचे शहा, म्हणजे तिथले राजे, व्हाइट हाउसमध्ये आले, तेव्हा बाहेर त्यांचे विरोधक आणि समर्थक भिडले. पोलिसांचा अश्रुधूर वाऱ्याबरोबर हिरवळीवर आला आणि शहा व राष्ट्राध्यक्ष कार्टर दोघेही डोळे पुसताना साऱ्या जगाला दिसले. विरोधकांत इराणी विद्यार्थी मोठ्या संख्येनं होते. अमेरिकेत शिकायचं आणि शहांना पाठीशी घालणाऱ्या अमेरिकी धोरणाविरुद्ध अमेरिकेच्याच राजधानीत घोषणा द्यायच्या, यात त्यांना विसंगती वाटली नाही. मलाही वाटत नाही. शिक्षण घेतलं म्हणून मत गहाण पडत नाही.

दोनच वर्षांनी तेहरानमध्ये अमेरिकी दूतावासातल्या लोकांना ओलीस धरलं गेलं आणि अमेरिकेतल्या इराणी विद्यार्थ्यांना इमिग्रेशन कचेरीत हजर राहण्याचा हुकूम सुटला. शहांचा विरोधक असो की समर्थक, रांग एकच.

बहुतेक विद्यार्थी माणसं वेगळी आणि सरकार वेगळं, असा हिशेब ठेवतात. प्राध्यापकाबद्दल जिव्हाळा असतो, त्याच्या सरकारच्या युद्धाबद्दल चीड असते. यजमान देशातच त्या धोरणावर उघड वाद चालत असेल, तर हा हिशेब सोपा जातो. अमेरिकी सिनेटर फुलब्राइट यांचंच पाहा. १९४६ च्या कायद्यानं त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती सुरू झाली; सुरुवातीचा पैसा आला परदेशांत उरलेलं युद्धसाहित्य विकून. पुढे हेच फुलब्राइट सिनेटच्या परराष्ट्र समितीचे अध्यक्ष झाले आणि १९६६ मध्ये त्यांनी व्हिएतनाम युद्धावरून आपल्याच पक्षाच्या सरकारला जाहीर सुनावणीत धारेवर धरलं. तीही दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांसमोर.

नमस्कार.